डब्यातली घाण कुणाची?

आमच्या गच्चीवर गोडनिंबाचं झाड आहे. गोडनिंब म्हणजे पुण्या-मुंबईकडचा कढीपत्ता. गेल्या पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. मी ते झटकणार, तेवढ्यात मुलगी ओरडली, "बाबा, थांबा ना, ते हलतंय!"

ती लिंबाच्या फुलपाखराची अळी होती. लहानपणी ही अळी काळपट-पांढरी, अगदी शिटेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. लिंबू, संत्रा, बेल, गोडनिंब ही तिची झाडं. मुलीने अशा चार अळ्या गोळा केल्या आणि मिठाईच्या पारदर्शक डब्यात ठेवल्या. झाकणाला भोकं पाडली, तळाला कागद अंथरला. तिचा उत्साह तीन दिवस टिकला. चौथ्या दिवसापासून डबा साफ करण्याचं काम माझ्याकडे आलं.

काम सोपं वाटलं होतं. अळी दिवसभर खाते आणि जेवढं खाते त्या मानाने लेंड्या टाकते. आधी मोहरीएवढ्या, मग जवळजवळ मिऱ्याएवढ्या. श्रावणातली दमट हवा आणि त्यात बंद डबा. एक दिवस कागद बदलला नाही, तर दुसऱ्या सकाळी लेंड्यांवर पांढरी बुरशी आणि डब्याच्या आतून पाण्याचे थेंब. पानं धुवावी लागतात, पण ओली ठेवून चालत नाहीत. पुसून द्यावी लागतात. बाजारातली जुडी आणायची सोय नाही, कारण तिच्यावर काय फवारलंय ते माहीत नसतं.

आठव्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. एक अळी सुकलेल्या पानाला धरून तशीच बसली होती. खात नव्हती, हलत नव्हती. मला ते घाणेरडं पान डब्यात नको होतं. मी चिमट्याने तिला अलगद, निदान मला वाटलं अलगद, सोडवलं आणि ताज्या पानावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती मेलेली होती. जुनी कात अर्धी अंगावरच अडकलेली.

नंतर वाचलं. कात टाकण्याआधी अळी खाणं थांबवते, रेशमाची बारीक गादी विणते आणि तिच्यात पाय रोवून बसते. त्या आधारावरच तिला जुन्या कातडीतून बाहेर पडता येतं. मी तो आधारच काढून घेतला होता. डबा मात्र त्या दिवशी अगदी लखलखीत होता.

मुलीला मी सांगितलं, "आजारी असेल." हे खोटं होतं. दोन दिवसांनी खरं सांगितलं. तिने विचारलं, "मग तुम्ही साफ कशाला करत होता?" त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

पहिलं उत्तर सोपं आहे: अळीसाठी. पण ते पूर्ण खरं नाही. ते सुकलेलं पान अळीला खुपत नव्हतं, मला खुपत होतं. आपण ज्याला स्वच्छता म्हणतो तिच्यात बरीचशी आपली किळस असते. जिची सोय बघायची, तिच्याकडे न बघता आपण फक्त डब्याकडे बघतो. आजारी माणसाची चादर बदलताना त्याला नुकतीच झोप लागली आहे, हे न पाहणाऱ्यांसारखं.

दुसरं उत्तर शोधताना मला कोसा आठवला. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे ढिवर समाजातले लोक पिढ्यान्‌पिढ्या टसरच्या अळ्या वाढवतात. त्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्यावर असतात. माणूस पक्ष्यांपासून, मुंग्यांपासून त्यांची राखण करतो. लेंड्या कुणी उचलत नाही. त्या खाली पडतात आणि मातीत मिसळतात. तुतीच्या रेशीमकिड्यांचं तसं नाही. ते घरात, रॅकवर वाढतात. तिथे बॅच येण्याआधी खोली निर्जंतुक करतात, उरलेली पानं आणि विष्ठा काढतात, कात टाकायच्या वेळी पाला बंद करून चुना भुरभुरतात. राज्याचं रेशीम संचालनालय आमच्या नागपुरातच आहे. तिथली माहितीपत्रकं वाचली तर निम्मं शास्त्र साफसफाईचंच आहे असं वाटावं.

दोन्हीकडे अळीच, दोन्हीकडे रेशीमच. फरक भिंतीचा. झाडावरच्या अळीच्या विष्ठेला कुणी घाण म्हणत नाही, कारण तिच्याखाली जमीन असते. घाण अळी करत नाही. आपण तिच्याखालची जमीन काढून घेतो तेव्हा ती तयार होते. मग रोज कागद बदलणं ही भूतदया कशी म्हणावी? ते कर्ज फेडणं झालं. ज्याने जमीन काढून घेतली, त्याने जमिनीचं काम करायचं.

आमच्या विदर्भातले गाडगेबाबा गावात शिरले की खराटा हातात घेत. ती इतरांनी केलेली घाण होती, म्हणून त्यांचं झाडणं ही सेवा होती. मी डबा साफ करतो तेव्हा माझ्याच कृतीचा हिशेब चुकता करत असतो. त्याला पुण्य म्हणणं म्हणजे उधारी फेडून दान केल्याचं सांगणं.

यावर कुणी म्हणेल, झाडावर राहिल्या असत्या तर पक्ष्यांनी, गांधीलमाश्यांनी बहुतेक अळ्या संपवल्याच असत्या; डब्यात निदान तीन वाचल्या. आणि काटोल-नरखेडच्या संत्रा-रोपवाटिकेत हीच अळी कीड म्हणून मारली जाते, तिथे तुमचं कर्ज कुठे जातं? प्रश्न बरोबर आहे. रोपवाटिकेवाल्याला मी दोष देत नाही. त्याचं पोट त्या कोवळ्या पानांवर आहे आणि त्याने अळीला घरी बोलावलेलं नाही. झाडावर अळी मेली तर त्याला हजार कारणं असतात. डब्यात ती उपाशी राहिली, बुरशीने गेली किंवा चिमट्याने गेली, तर कारण एकच असतं. अळीला दुःख कळतं की नाही याचा निकाल लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही. झाकण मी लावलं आहे, एवढं जबाबदारीला पुरेसं आहे.

त्यानंतर मी साफ करण्याआधी पाहायला शिकलो. बसलेली अळी आहे तिथेच राहू द्यायची, पान सुकलं तरी चालेल. फक्त खालचा कागद बदलायचा. कोष करायच्या आधी एक दिवस अळी पातळ विष्ठा करते. पूर्वी मला तो आजार वाटला असता. लेंड्या कोरड्या आहेत की ओल्या, यावरून तिची तब्येत कळू लागली. जिची आपल्याला किळस येत होती, तीच गोष्ट तिची खबर देत होती.

तीन फुलपाखरं निघाली. प्रत्येकाने पंख सुकवताना कागदावर लालसर थेंब सोडला. झाकण काढून डबा गच्चीवर ठेवला. दुपारपर्यंत तिन्ही गेली. मी तो शेवटचा कागद फेकला आणि डबा धुऊन पालथा घातला.

परवा मुलीला झाडावर पुन्हा दोन अळ्या दिसल्या. "डबा काढू?" तिने विचारलं.

"रविवारी आपण अमरावतीला आत्याकडे चाललोय," मी म्हटलं. "दोन दिवस कागद कोण बदलेल?"

तिने थोडा विचार केला. मग ती खुर्ची ओढून झाडाजवळ बसली आणि तिथूनच बघत राहिली.