नाणे तेच, डबी वेगळी

माणसाला दोन जणांचे मार्क कधीच पटत नाहीत. एक, शेजारच्या मुलाचे, कारण ते जास्त असतात. दोन, स्वतःच्या मुलाचे, कारण ते कमी असतात. पेपर फेरतपासणीला देण्याची सोय याच मनुष्यस्वभावावर उभी आहे. पण मार्कांची ही भूक माणसांपाशीच थांबलेली नाही. अमेरिकेत ती नाण्यांना लागली आहे. तिथे नाणी परीक्षेला बसतात, सत्तरपैकी मार्क मिळवतात आणि मार्क पटले नाहीत तर दुसऱ्या बोर्डाकडे जाऊन पुन्हा बसतात. म्हणजे धावाधाव करतात ते मालक. नाणी बिचारी पडल्या जागी पडून असतात.

हे सगळं मला ठाऊक झालं ते माझ्या भाच्यामुळे. तो न्यू जर्सीत असतो. काँप्युटरवर पैसे मिळवतो आणि जुन्या चांदीच्या डॉलरांत घालवतो. मामा बँकेत आहे म्हणजे मामाला नाण्यांतलं कळतं, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत. वास्तविक बँकेतल्या माणसाचा नाण्यांशी संबंध एवढाच, की दहाच्या नाण्यांची पिशवी आली की ती कोणाच्या गळ्यात मारायची याचा विचार करायचा. पण भाच्याचा प्रश्न नाण्याचा नव्हताच. प्रश्न नीतीचा होता. तो त्याने मला विचारला, कारण बायकोला विचारला असता तर आधी डॉलर किती गेले ते सांगावं लागलं असतं.

ही परीक्षा काय आहे ते आधी सांगतो. १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थाने जुन्या अमेरिकन सेंटांवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० अशी दर्जाची मोजपट्टी मांडली. शंभर का नाही, सत्तरच का? तर १७९४ सालचा तांब्याचा मोठा सेंट झिजून झिजून नुसता ओळखण्यापुरता उरला असेल तर किंमत एक डॉलर, आणि टाकसाळीतून आत्ता निघाल्यासारखा असेल तर सत्तर डॉलर, इतका सरळ हिशेब. पुढे भाव कुठल्या कुठे गेले, हिशेब मोडला, सत्तर तेवढे उरले. (आमच्याकडचे काही छापील फॉर्म याच कारणाने चालू आहेत.) ६० पासून पुढचे आकडे कधी व्यवहारातच न आलेल्या कोऱ्या नाण्यांचे. ५८ च्या पुढे एकदम ६०. ५९ हा आकडा मोजपट्टीवर नाहीच. एका मार्काने नापास होण्याचं दुःख निदान तिथे कोणाला नाही.

हे शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ. त्यांनी माणसांच्या देहालाही मार्क दिले होते. गोलाई, पीळदारपणा आणि किडकिडीतपणा, प्रत्येक विषयाला सातपैकी. लग्नाच्या बाजारात आपल्याकडे हे काम मावश्या फुकट करतात. १९७७ साली शेल्डन वारले आणि मागाहून उघडकीला आलं, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम दर्जाचे सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी ते आपल्याजवळचे कमी दर्जाचे ठेवत आले होते. प्रकरण कोर्टात गेलं. दर्जातला फरक त्यांना किती अचूक कळत होता, याला यापेक्षा भक्कम पुरावा कुठला?

मोजपट्टी झाली, आता परीक्षक. पीसीजीएस ही कंपनी १९८६ साली कामाला लागली, एनजीसी १९८७ साली. पद्धत दोघींची साधारण सारखीच. पारखी एकमेकांना न विचारता नाणे बघतात, आकडा ठरतो, मग नाणे टणक पारदर्शक डबीत सीलबंद होतं आणि वर आकड्याची चिठ्ठी लागते. पहिलीच्या संस्थापकांत जॉन अल्बनीज नावाचे गृहस्थ होते. दुसरी त्यांनीच काढली. २००७ साली त्यांनी सीएसी नावाची तिसरी काढली. ती या दोघींच्या डब्या तपासते आणि आकडा पटला तर डबीवर हिरवा स्टिकर डकवते. नाणे चिठ्ठीवरच्या आकड्याहूनही सरस वाटलं तर सोनेरी. २०२३ पासून तर सीएसीच्या नावाच्या स्वतंत्र डब्याही निघू लागल्या. आपल्याकडे नाटक मंडळ्या फुटून दुसऱ्या मंडळ्या निघत, तसंच हे. फक्त इथे नट तोच, नाटक तेच आणि तिकीट दर वेळी नवं.

आता भाच्याचा डॉलर. १८८० सालचा, न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीतला, ज्याला तिकडे मॉर्गन डॉलर म्हणतात तो. पाडले गेले पन्नास लाखांहून जास्त, पण स्वच्छ आणि ठसठशीत छापाचे फार थोडे राहिले. या नाण्याला ६४ मिळाले तर एक भाव आणि ६५ मिळाले तर त्याच्या कितीतरी पट. मधला फरक म्हणजे गालावरचा एखादा ओरखडा किंवा चकाकीतली किंचित उणीव. माणसाच्या गालावरच्या ओरखड्याची एवढी किंमत फक्त सिनेमात होते. भाच्याचा डॉलर एनजीसीच्या डबीत, चिठ्ठीवर ६४. त्याला तो पीसीजीएसच्या डबीत हवा होता, कारण संग्रहांची स्पर्धेसारखी जी यादी पीसीजीएस ठेवते तिच्यात पीसीजीएसच्याच डबीतली नाणी घेतात. नाणे कितीही गोजिरं असो, गणवेश शाळेचाच पाहिजे.

त्यासाठी एक रीतसर सोय आहे. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. पहिल्या कंपनीची डबी न फोडता तशीच दुसरीकडे पाठवायची आणि फॉर्मवर लिहायचं, की अमुक आकड्याच्या खाली येणार असेल तर डबी उघडू नका, आहे तशी परत करा. भाच्याने ६४ लिहिले. महिन्या-दोन महिन्यांनी डबी आहे तशी परत आली. फी मात्र गेली.

‘‘मामा, त्यांनी ६३ म्हटलं असतं तरी समजलं असतं. नुसतं नाही म्हणाले.’’

‘‘तू तरी कुठे विचारलं होतंस? तू होकार मागितला, त्यांनी नकार दिला. मागणी घातल्यावर यापलीकडे काय होतं?’’

पण थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला त्या पारख्याची अडचण कळते. डबीतून नाणे बघताना त्याला नुसतं नाणे दिसत नाही, प्रतिस्पर्ध्याचा आकडाही दिसतो. ६४ ला ६४ म्हणावं तर शेजारचं दुकान चोख आहे असं स्वतःच्या सहीने लिहून दिल्यासारखं. ६५ म्हणावं तर स्वतःचं दुकान सैल असल्याची कबुली. नाही म्हटलं की काही न बोलता आपण कडक ठरतो. तो असाच विचार करतो असं मी म्हणत नाही. सज्जन असेल, चष्मा पुसून न्यायबुद्धीने बघत असेल. पण आकडा दिसल्यावर न्यायबुद्धीला बसायला जागा किती उरते? आमच्या कॅशमध्ये एक जुने हेड कॅशियर होते. नोटांची गड्डी दुसऱ्याकडून मोजून घेताना पहिल्याची चिठ्ठी काढून खिशात घालायचे. म्हणायचे, ‘‘आकडा बघून मोजलेली गड्डी म्हणजे न मोजलेली गड्डी.’’

कॅशमध्ये निदान मोजायला काही असतं. फाटकी नोट आली तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : पन्नास किंवा त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० असेल तर अर्धे, त्याखाली काही नाही. पट्टी लावा आणि मोकळे व्हा. चकाकीला पट्टी कुठे लावणार? १९९० साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसवर दावा लावला होता तो नेमका याच मुद्द्यावर, की आमची पारख सातत्याची आणि वस्तुनिष्ठ असते ही जाहिरात खरी नाही. तो तडजोडीने मिटला. दोन भल्या माणसांना एकच मुलगी, एकच भाषण, एकच आमटी वेगवेगळी वाटते, आणि दोघेही खोटं बोलत नसतात. नाण्यानेच काय पाप केलंय?

तर आता भाच्याचा नीतीचा प्रश्न. क्रॉसओव्हर फसला की लोक दुसरा मार्ग धरतात. डबी फोडायची, नाणे उघडं करायचं आणि जणू आजवर कोणी पाहिलंच नाही अशा निरागसपणे परीक्षेला पाठवायचं. ६४ आले तर पुन्हा फोडायची. ६३ आले तर एक उसासा टाकून पुन्हा फोडायची. ६५ आले की थांबायचं. ‘‘मग विकताना सांगावं लागतं का रे मामा, की आधी ६४ होते?’’ इति भाचा.

मी दोन दिवस मागून घेतले, कारण गंमत अशी होती, की डबी न फोडता पाठवलेल्या नाण्याचा इतिहास खरा राहतो, पण निकालाची खात्री नाही. डबी फोडून पाठवलेल्याचा निकाल स्वच्छ, कारण पारख्याने नुसतं नाणे बघितलं. पण इतिहास पुसला गेला. एकीकडे न्यायाधीश कलुषित, दुसरीकडे फिर्यादी. शिवाय प्रत्येक कंपनी कुठल्या दर्जाची किती नाणी आली याची जनगणना छापते. डबी फोडणाऱ्याने जुनी चिठ्ठी परत पाठवली नाही, तर तोच डॉलर तीन वेळा मोजला जातो. म्हणजे या जगात नसलेली दोन नाणी खानेसुमारीत सुखाने नांदतात. रेशनकार्डांच्या देशातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

भाच्याचं म्हणणं, नाणे तर तेच आहे, मी त्याला घासलं नाही, पॉलिश केलं नाही. ६५ हे मी म्हणत नाही, कंपनी म्हणते. घेणाऱ्याने डोळे उघडून घ्यावं. मुद्दा कायद्याने बिनतोड असावा. पण मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, तीन परीक्षकांनी ६४, ६३ आणि ६५ म्हटलं, तर तुझ्याजवळ माहिती तिघांची आहे. घेणाऱ्याला तू एकाचीच विकतोस. आणि पैसे घेतोस ते त्या राहिलेल्या दोघांना गप्प बसवण्याचे. डबी फोड हवी तर; चिठ्ठ्या परत पाठव आणि गिऱ्हाइकाला तिन्ही आकडे सांग.’’

‘‘मग ६५ चे पैसे कोण देईल?’’

‘‘ज्याला त्यात ६५ दिसतील तो.’’

‘‘दिसत कोणालाच नाहीत रे मामा. म्हणून तर डब्या आहेत.’’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पूर्वी आपल्याकडे गावचा पोतदार नाणी पारखायचा. अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हांचे रुपये बाजारात चालायचे आणि एकाचा दुसरा करून घेताना बट्टा कापला जायचा. तोही काही हरिश्चंद्र नसणार. पण तो रुपया दगडावर आपटून दाखवायचा आणि आवाज दोघांच्याही कानांवर पडायचा. खणखणीत नाणे हा शब्द तिथला. डबीतल्या नाण्याची सोय अशी, की ते कोणाच्याच कानाला काही सांगत नाही.

गेल्या डिसेंबरात भाचा आला तो डॉलर घेऊन आला. अजून एनजीसीच्याच डबीत, ६४. डबी फोडायची की नाही हे तोवर ठरलं नव्हतं. बहिणीच्या पाटल्यांचं काम होतं म्हणून आम्ही तिघं पेठेत आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. भाच्याने हौसेने डबी गादीवर ठेवली. सराफाने ती उलटीसुलटी केली, भिंगातून बघितली, कानाशी नेऊन जरा हलवूनही पाहिली. मग तराजू पुढे ओढत म्हणाले,

‘‘चांदी बरी दिसते. पण डबी काढून आणा साहेब, डबीसकट वजन मी धरत नाही.’’