बाटल्यांचे किती झाले?

पैसे चुकते केले की ऋण फिटतं, अशी आपली माझी समजूत. वाण्याचं फिटतं, दूधवाल्याचं फिटतं. मग गावाचं का फिटू नये? हा प्रश्न मला पडला तो मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, पहाटेच्या गार वाळूत अनवाणी उभा असताना.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. पण आमच्यासारखे पाहुणे नानांसाठी थोडेच जातात? ते जातात कासवांसाठी. एके काळी ऑलिव्ह रिडले मादीनं तिथं अंडी घातली की ती चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला घेतली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि घराघरांतून पाहुण्यांच्या पंगती बसल्या. अंडी कुंपणात हलवायची, पन्नासेक दिवस राखण करायची आणि पिल्लं निघाली की समुद्राच्या दिशेनं सोडायची, असा सगळा खटाटोप.

त्या दिवशी घरट्यावरची टोपली उचलली, तर खाली नुसती वाळू!

"जरा उकरून बघा ना," मी म्हणालो. शेजारच्या गृहस्थांनी तर "आम्ही खास पुण्याहून आलोय" हेही सांगून पाहिलं. कासवांवर काही परिणाम झाला नाही.

घरी यजमानीणबाई घावणं वाढत म्हणाल्या, "नाय दिसली? मग परत यायला हवं भाऊ." हा आग्रह की धंदा, कळेना. तिथंच माझ्यातला तत्त्वज्ञ जागा झाला. (तो पोट भरलं की जागा होतो.) ही अंडी भूतदयेनं राखली जातात, की आमच्या नोटांनी? नोटांनी असेल, तर उद्या आम्ही कंटाळून डॉल्फिनांकडे वळलो की कासवांनी काय करायचं? हिनं डोळे वटारले, तरी मी विचारलंच.

"तुम्ही येता म्हणून चार पैसे सुटतात, खोटं कशाला बोलू?" बाई म्हणाल्या. "पण तुम्ही येणार मार्चात. कासवीण येते थंडीत. आमचा मुलगा रात्रीचा किनारा तुडवतो, तेव्हा तुम्ही कुठं असता?"

मी ठाण्यात असतो. दुलईत.

निघताना बाईंनी एका हातात आमसुलांची पुडी ठेवली, दुसऱ्या हातात आमच्याच पाण्याच्या पाच रिकाम्या बाटल्या. "ह्या तुमच्या राहिल्यात."

आमसुलांचे पैसे त्यांनी मोजून घेतले. बाटल्यांचे किती झाले, हे विचारायचा मला धीर झाला नाही.