प्रेक्षकाचें सुख आणि खेळणाऱ्याचें सुख

कोणत्याहि कृतीचे गुण दोन प्रकारचे असतात. कांहीं गुण दूर उभ्या असलेल्या तिऱ्हाइतालाहि एका दृष्टिक्षेपांत दिसतात. कांहीं मात्र ती वस्तु प्रत्यक्ष हाताळणाऱ्याखेरीज इतरांना कळतच नाहींत. घासून लखलखीत केलेली पितळेची कढई पाहुण्याला दिसते. ती चुलीवर सारखी तापते कीं एकीकडे करपविते, हें रांधणारीलाच ठाऊक. हे दोन प्रकारचे गुण एकत्र नांदतात तोंपर्यंत कांहीं प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु एक वाढविण्यासाठीं दुसऱ्याला कात्री लावणें भाग पडलें, म्हणजे निर्मात्यानें कोणाची बाजू घ्यावी, पाहणाऱ्याची कीं वापरणाऱ्याची, असा प्रश्न उत्पन्न होतो. आणि तो केवळ कारागिरीचा नसून नीतीचा आहे, असें आम्हांस वाटतें.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्हीं मुद्दाम एक अगदीं अर्वाचीन उदाहरण निवडलें आहे. टेलिव्हिजनला कन्सोल नांवाचें यंत्र जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेम आतां पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्या परिचयाचे झाले आहेत. या खेळांच्या शौकिनांमध्यें एक वाद गेलीं कित्येक वर्षें चालू आहे: खेळाचें चित्र अधिक सुंदर असावें, कीं तें अधिक वेगानें बदलावें? ग्राफिक्स श्रेष्ठ, कीं फ्रेम रेट श्रेष्ठ? पोरखेळासंबंधीं हा पोरकट वाद, असें म्हणून प्रौढ वाचकांनीं पान उलटूं नये, अशी आमची विनंती आहे. लहान गोष्टींत तत्त्व अधिक स्वच्छ दिसतें. कारण तेथें त्याला झांकणारा दंभ कमी असतो.

प्रथम वादाचें स्वरूप समजून घेऊं. पडद्यावर जें हलतांना दिसतें तें वस्तुतः हलत नसतें. एकामागून एक येणारीं स्थिर चित्रें डोळा जोडून घेतो व त्यांतून हालचालीचा भास होतो. दर सेकंदास अशीं जितकीं चित्रें उमटतात, ती संख्या म्हणजे फ्रेम रेट. सिनेमांतील चित्रें आधींच घेऊन ठेवलेलीं असतात. खेळांतील प्रत्येक चित्र मात्र यंत्राला त्याच क्षणीं काढावें लागतें, कारण खेळणारा पुढच्या क्षणीं डावीकडे वळेल कीं उजवीकडे, हें कोणालाच आगाऊ ठाऊक नसतें. सेकंदास ३० चित्रें काढावयाचीं असल्यास एका चित्रासाठीं सुमारें ३३.३ मिलिसेकंद मिळतात. ६० काढावयाचीं असल्यास अवघे १६.७. तेवढ्या अवधींत झाडाचें पान, पाण्यांतील प्रतिबिंब, भिंतीवरील सावली, सर्व कांहीं आलें पाहिजे. त्यांतच चित्रांतील ठिपक्यांची संख्या वाढत गेली आहे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारें २० लक्ष ७४ हजार ठिपके असतात. ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर बरोबर त्यांच्या चौपट. कन्सोलची शक्ति तर तें कारखान्यांतून बाहेर पडतें त्या दिवशींच ठरलेली असते. थोडक्यांत, हा ठराविक पगारांतला संसार आहे: दिवाणखाना सजवावा तर कोठींत तूट येते, आणि कोठी भरावी तर दिवाणखाना ओकाबोका राहतो.

आतां कोणी म्हणेल, दोन्ही गोष्टी डोळ्यांच्याच. कोणाला शोभा आवडेल, कोणाला वेग. रुचिभेदाचा निवाडा कोणीं करावा? आमच्या मतें येथेंच विचार घसरतो. फ्रेम रेट डोळ्याला दिसतो खरा, परंतु त्याचा जिव्हाळ्याचा संबंध हाताशीं आहे. खेळणाऱ्यानें बटण दाबलें, तर त्याचा परिणाम लवकरांत लवकर पुढच्या एखाद्या चित्रांत दिसणार. चित्रें विरळ झालीं कीं आज्ञा आणि तिचें पालन यांमधलें अंतर वाढलेंच. हें अंतर सेकंदाच्या अल्पशा अंशाचें असतें; पण सरावलेल्या हाताला तें कळतें, जसा मात्रेच्या लहानशा अंशानें मागें पडलेला ठेका गवयाला कळतो. श्रोत्यांपैकीं पुष्कळांना त्याचा पत्ताहि लागत नाहीं. गाणारा मात्र अवघडतो. १९८५ सालीं निघालेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाचीं चित्रें आजच्या दृष्टीनें अगदीं बाळबोध. परंतु जपान व अमेरिका येथील टेलिव्हिजनवर तीं सेकंदास ६० या वेगानें बदलत, आणि त्यांतला तो मिशाळ प्लंबर हुकूम होतांच उडी मारी. त्या खेळाची गोडी पुष्कळ अंशीं या आज्ञाधारकपणांत होती.

असें जर आहे, तर मध्यंतरीं इतके खेळ ३० वर कां समाधान मानीत राहिले? याचें उत्तर एका नामांकित संस्थेनेंच देऊन ठेवलें आहे. अमेरिकेंतील इन्सॉम्नियाक गेम्स ही संस्था आपल्या 'रॅचेट अँड क्लँक' या मालिकेंतील खेळ ६० च्या गतीनें चालवीत असे. २००९ सालीं तिच्या वतीनें सांगण्यांत आलें कीं, यापुढें हा आग्रह बहुधा सुटेल; कारण तपास करतां असें आढळलें कीं, चित्र जितकें सुंदर तितके परीक्षकांकडून गुण अधिक मिळतात, परंतु फ्रेम रेटचा गुणांशीं किंवा खपाशीं तसा संबंध दिसत नाहीं. आतां याच्या शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवावी. २०२४ च्या सप्टेंबरांत प्लेस्टेशन ५ प्रो या यंत्राची ओळख करून देतांना त्याचे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनीं सांगितलें कीं, शोभा व वेग यांपैकीं एक निवडण्यास सांगितलें असतां खेळणारे चारांपैकीं सुमारें तीन वेळां वेगच निवडतात.

पंधरा वर्षांत माणसांची आवड उलटी झाली काय? यंत्रें बदललीं, पडदे बदलले, हें खरें. हे दोन निष्कर्ष एका मापानें मोजलेले नाहींत, हेंहि खरें. तथापि मुख्य भेद आम्हांस निराळाच दिसतो. पहिला कौल दुकानाच्या दारांत दिलेला आहे. दुसरा प्रत्यक्ष खेळावयास बसल्यावर. मासिकांत छापलेलें चित्र स्थिर असतें. त्यांत शोभा दिसते, गति दिसत नाहीं. जाहिरातीची चित्रफीत हलती असली तरी तिची सूत्रें पाहणाऱ्याच्या हातांत नसतात. परीक्षक स्वतः खेळतात खरे. पण त्यांनाहि न खेळलेल्या वाचकांसाठींच लिहावयाचें असतें. म्हणजे वस्तु विकत घेईपर्यंत प्रत्येक मनुष्य प्रेक्षकच असतो, आणि प्रेक्षक हा प्रेक्षकाला दिसणाऱ्या गुणालाच मोल देणार. तोच मनुष्य घरीं येऊन खेळूं लागला कीं त्याचें मत पालटतें. दाखवायचे दांत निराळे आणि खायचे निराळे, ही म्हण आपण हत्तीच्या लबाडीवर लावतों. येथें मात्र गिऱ्हाईकच दाखवायचे दांत पाहून हत्ती विकत घेतें.

मग या व्यवहारांत निर्मात्याला दोष द्यावा काय? कोणी तोटा सोसून धंदा करावा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उणीव पत्करणें ही एक गोष्ट, आणि उणिवेलाच भूषण म्हणून मिरविणें ही दुसरी. २०१४-१५ च्या सुमारास कांहीं निर्माते असें म्हणूं लागले कीं, कमी फ्रेम रेटच बरा, कारण त्यानें खेळ सिनेमासारखा वाटतो. या म्हणण्याला आधार नाहीं असें नाहीं. बोलपट रूढ झाल्यापासून सिनेमा सेकंदास २४ चित्रांवर चालत आला आहे. आणि २०१२ सालीं 'द हॉबिट' हा चित्रपट कांहीं ठिकाणीं ४८ च्या गतीनें दाखविला, तेव्हां पुष्कळ प्रेक्षकांना तो रुचला नाहीं. वेष व नेपथ्य यांचा कृत्रिमपणाच त्यांना उघडा पडल्यासारखा वाटला. तेव्हां चित्रांची संख्या वाढली कीं कला वाढली, असें समीकरण मांडतां येणार नाहीं. परंतु हा युक्तिवाद खेळास लागूं पडत नाहीं. कॅमेऱ्याचें चित्र घेतलें जात असतां झालेली हालचाल त्या चित्रांतच पुसट होऊन मिसळते, म्हणून २४ चित्रेंहि सलग वाटतात. यंत्रानें काढलेलें चित्र हा एक गोठलेला क्षण असतो, व त्यांत तसा पुसटपणा मुद्दाम आणावा लागतो. याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, सिनेमाला जाणारा मनुष्य पडद्यावरील कोणालाहि आज्ञा करीत नाहीं. म्हणून तेथें आज्ञाभंग संभवतच नाहीं. पाहण्याच्या कलेचा न्याय करण्याच्या कलेला लावणें हा उघड हेत्वाभास होय.

तरीहि ६० हा आंकडा आम्ही वेदवाक्य मानीत नाहीं. १९९८ सालचा 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम' हा खेळ जपान व अमेरिका येथें सेकंदास अवघ्या २० चित्रांवर चालत असे. २००५ सालच्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्यें पर्वतप्राय प्राण्यांशीं झुंज चालली असतां प्लेस्टेशन २ ला अक्षरशः धाप लागे, आणि चित्रांची संख्या ३० च्याहि पुष्कळ खालीं उतरे. तथापि दोन्ही खेळ रसिकांनीं अभिजात म्हणून मानले आहेत. २०१८ सालीं प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांवर निघालेला 'रेड डेड रिडेम्प्शन २' ३० वरच चालला. परंतु घोड्यावर बसून संथपणें तो अफाट प्रदेश पाहत जाणें हाच त्या खेळाचा अर्धा हेतु असल्यामुळें तेथें शोभा ही प्रेक्षकाला दाखविलेली लालूच नसून खेळणाऱ्याला दिलेल्या वचनाचाच भाग आहे. म्हणून आमची कसोटी आंकड्याची नसून वचनाची आहे. ज्या खेळांत निमिषाचा विलंब म्हणजे पराभव, तेथें हाताला दिलेलें वचन आधीं पाळलें पाहिजे. जेथें पाहणें हेंच करणें आहे, तेथें डोळ्याला दिलेलें. आणि वचन लहान असलें तरी चालेल, पण तें सारखें पाळलें जावें. २०१५ सालच्या 'ब्लडबोर्न' या खेळाविषयीं तक्रार झाली ती केवळ ३० या संख्येची नव्हे. चित्रांमधलें अंतर सारखें न राहतां कमीजास्त होई, ही होती. विलंबित लयीचा कोणाला राग येत नाहीं. डळमळणाऱ्या लयीचा येतो.

अलीकडे या वादावर एक तोड निघाली आहे, ती म्हणजे निवड खेळणाऱ्यावरच सोंपविणें. 'शॅडो ऑफ द कोलोसस' २०१८ सालीं नव्यानें तयार झाला, तेव्हां प्लेस्टेशन ४ प्रो वर शोभा कीं वेग हें खेळणाऱ्यानें ठरवावें अशी सोय होती. ज्या इन्सॉम्नियाकनें २००९ सालीं ६० चा आग्रह सोडण्याची भाषा केली, तिनेंच २०२० च्या 'स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस'मध्यें हे दोन्ही पर्याय ठेवले, आणि २०२१ च्या 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'मध्यें, सेकंदास १२० वेळां ताजा होणारा पडदा ज्यांच्यापाशीं आहे त्यांच्यासाठीं, ४० चा तिसरा पर्याय मागाहून जोडला. ४० हा आंकडा ३० व ६० यांच्या मध्यावर नाहीं. परंतु त्या गतीनें एका चित्राला २५ मिलिसेकंद मिळतात, आणि ३३.३ व १६.७ यांचा तो बरोबर मध्य आहे. ॲरिस्टॉटलचा सुवर्णमध्य इतक्या काटेकोरपणें सांपडलेला आम्हीं क्वचितच पाहिला असेल.

निवडीची ही सोय स्तुत्य आहे. परंतु तिनें निर्मात्याचें कर्तव्य संपतें, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. दोन्ही पर्याय सारख्याच निष्ठेनें घडविलेले असतील तरच ती निवड खरी. वेगाच्या नांवाखालीं अंधुक चित्र आणि वर पुन्हां अडखळणारी गति गिऱ्हाइकाच्या पदरांत टाकून 'तुमचें तुम्हीं निवडा' असें म्हणणें, हें त्याला स्वातंत्र्य देणें नव्हे. आपलें ओझें त्याच्या खांद्यावर देणें होय. स्वातंत्र्य देणाऱ्याच्या अंगीं कष्टाची तयारी लागते, ती नसली कीं औदार्याला टाळाटाळीचें रूप येतें.

शेवटीं, हा प्रश्न खेळांपुरताच आहे असें आम्हीं कां मानीत नाहीं, तें सांगतों. ज्या अध्यापनाच्या व्यवसायांत आम्हीं आयुष्य घालविलें, तेथेंहि हेंच द्वंद्व आहे. कॉलेजची इमारत, निकालाचे टक्के, समारंभाची छायाचित्रें हीं प्रवेश घेण्यापूर्वीं दिसतात. वर्गांत विचारलेल्या शंकेला त्याच क्षणीं सरळ उत्तर मिळतें कीं नाहीं, हें मात्र बाकावर बसलेल्या विद्यार्थ्यालाच कळतें, आणि तेंहि प्रवेश घेतल्यानंतर. दिसणारे गुण खोटे नसतात. सौंदर्य हें खरें मूल्य आहे, व त्यासाठीं झिजणाऱ्या चित्रकारांचे श्रम वंदनीय आहेत. परंतु दिसणाऱ्या गुणाची वकिली करावयाला सारा बाजार उभा असतो. न दिसणाऱ्या गुणाला निर्मात्याच्या सदसद्विवेकबुद्धीखेरीज दुसरा वकील नसतो. म्हणूनच जेथें दोहोंची ओढाताण होईल, तेथें तिनें आपलें वजन त्या मुक्या बाजूला टाकावें. ज्यानें वस्तु अजून हातांत घेतलेली नाहीं त्याला भुलविणें सोपें आहे. जो ती हातांत घेऊन एकटाच बसला आहे, त्याच्याशीं इमानानें वागणें, हीच कारागिराच्या नीतीची खरी परीक्षा होय.