रिपोर्ट बाबांचा

भिवापुरात एक मिरचीवाला शेतकरी होता. जमीन पाच एकर, त्यातल्या दीड एकरात दरवर्षी मिरची. आजूबाजूचे लोक संकरित वाणाकडे वळले तरी यानं जाड सालीची, गडद लाल भिवापुरीच धरून ठेवली होती. तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कोणीतरी पेढा द्यायला आलं, तर हा म्हणाला, "कागद भेटला. भाव कधी भेटते?" बोलणं असं, आणि खिशात कायम खर्रा. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा देणारे पानठेले मात्र सुरूच राहिले. पासष्टी ओलांडली त्या वर्षी गिळताना दुखायला लागलं, मग मानेत गाठ लागली. जिभेच्या मुळाशी कर्करोग निघाला.

नागपुरात या रोगावर उपचार होतात. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय जुनं, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था त्यामानानं नवी, शिवाय सरकारी मेडिकल कॉलेज आहेच. म्हातारा यांपैकी कुठं गेला की आणखी कुठं, यानं गोष्टीत काही फरक पडत नाही. सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशनचा शेक, सोबत केमो. तेवढे दिवस तो नागपुरात लेकीच्या घरी राहिला. जूनअखेर शेवटचा शेक झाला. वजन उतरलेलं, तोंड कोरडं पडलेलं, भाकर वरणात भिजवून मऊ केल्याशिवाय घशाखाली उतरत नव्हती. मिरचीवाल्याच्या ताटात आता मिरची नव्हती. यावर तो स्वतःच हसायचा.

निघताना डॉक्टरांनी सांगितलं, "बारा आठवड्यांनी पेट स्कॅन करू. त्याआधी नको."

लेकाला बारा आठवडे निघेनात. तो वाईट पोरगा नव्हता. उपचाराच्या काळात पैशाची जमवाजमव, योजनेची कागदपत्रं, रक्ताच्या तपासण्या, सगळं त्यानंच धावून केलं होतं. आता धावायला काही उरलं नाही आणि तो बिथरला. रात्री मोबाइलवर वाचत बसे. ज्या खर्ऱ्यानं बापाची ही दशा केली, तोच त्याच्या गालात या दिवसांत जास्त राहू लागला. ऑगस्टच्या मध्यात, सातव्या आठवड्यात, डॉक्टरांना न विचारता त्यानं एका खासगी केंद्रात पैसे भरून बापाचा स्कॅन करून घेतला.

रिपोर्ट मोबाइलवर आला. जिभेच्या मुळाशी थोडी चमक, मानेतल्या दोन गाठींत चमक. रोग शिल्लक असू शकतो, शेकानंतरची सूजही असू शकते, रुग्णाच्या तपासणीशी ताडून पाहावे. लेकानं त्यातलं पहिलं वाक्य दहा वेळा वाचलं आणि दुसरं एकदाच. अंगणात बाप खाटेवर बसला होता. लेक म्हणाला, "बाबा, सगळं चांगलं हाय. क्लीन."

"बरं," म्हातारा म्हणाला.

आपल्याकडे रिपोर्ट ज्याच्या शरीराचा असतो त्याच्या हातात क्वचितच पडतो. काउंटरवर जो उभा असतो त्याच्या हातात पडतो. डॉक्टरही मग शिकलेल्या पोराला बाहेर घेऊन बोलतात आणि पेशंट आत बसून भिंतीवरचा तक्ता वाचतो. यात माया असते, नाही असं नाही. पण घरातल्यांचे चेहरे चाळीस वर्षं वाचत आलेल्या माणसाला मोबाइलमधलं वाचता आलं नाही, तरी जे वाचायचं ते तो वाचतोच.

त्या दिवसापासून म्हातारा शेतात जाईना. नुकती लावलेली मिरची, रोपं जेमतेम जीव धरत होती, पण त्यानं विचारलंही नाही. तलाठ्याकडं जाऊन सातबारा काढून आणला. बायकोला पेटीतले कागद दाखवून ठेवले. पोळा आला. बैलांना न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, आणि दुसऱ्या दिवशी जोडी विकायची बोलणी करून इसार घेतला. लेक म्हणाला, "काहून विकून राहिले?" बाप म्हणाला, "आता कोन पोसन?"

पोळ्याला नागपूरहून आलेल्या लेकीनं हे पाहिलं. माय चुलीपाशी काही बोलत नव्हती. भाऊ नजर चुकवत होता. रात्री तिनं त्याचा मोबाइल मागितला, रिपोर्ट वाचला, तारीख पाहिली आणि आठवडे बोटांवर मोजले.

सकाळी ती बापाजवळ जाऊन बसली. आधी रिपोर्ट काढला नाही. विचारलं, "बाबा, त्या फोटोत काय निघालं ते तुमाले आयकायचं हाय काय? नसन आयकायचं त मी नाही सांगत."

म्हातारा बराच वेळ बैलांकडे पाहत राहिला. "दोन हप्ते झाले, वाट पाहून राहिलो का कोनी इचारन."

मग तिनं होतं तसं सांगितलं. चांगलं आहे असं सांगितलं नाही, वाईट आहे असंही नाही. स्कॅन लवकर झालाय, कळत नाहीये, डॉक्टरांना विचारायला जायचं आहे. लेक दारात उभा होता. बाप त्याच्याकडे वळून म्हणाला, "अर्धं सांगतलं असतं त अर्धाच भेलो असतो. तू काहीच नाही सांगतलं, मंग मी पुरा मरूनच पाह्यलं."

इसार परत गेला. घेणाऱ्यानं दोन शब्द ऐकवले, ते म्हाताऱ्यानं आनंदानं ऐकून घेतले.

डॉक्टरांकडं जायला तिघं एसटीनं निघाले. भिवापूरवरून जाणारी नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली तेव्हापासून म्हातारा या बसला शिव्या देत आलेला. त्या दिवशीही दिल्या आणि लेकीला बरं वाटलं. आत गेल्यावर लेक सवयीनं समोरच्या खुर्चीकडे गेला. बहिणीनं त्याला मागं घेतलं. खुर्चीवर बाप बसला.

डॉक्टर आधी लेकावर चिडले, मग समजावून सांगू लागले. स्कॅनच्या आधी जे इंजेक्शन देतात त्यात किरणोत्सर्गी साखर असते. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात म्हणून फोटोत चमकतात. पण शेकानं भाजलेला भाग भरून येत असतो तेव्हा तिथं जमलेल्या पांढऱ्या पेशीही साखर ओढतात. टीबीची गाठही चमकते, आणि आपल्याकडे टीबी काही कमी नाही. चमक दिसते, ती कोणाची ते फोटो सांगत नाही. बारा आठवड्यांनी सूज ओसरते, म्हणून तेव्हाचा फोटो वाचायला सोपा.

डॉक्टरांनी दाखला दिला नाही, मी देतो. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डोक्या-मानेच्या कर्करोगाचे, मानेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेले ५६४ रुग्ण. निम्म्यांसाठी मानेची शस्त्रक्रिया आधीच ठरवली. उरलेल्यांना शेक-केमो संपल्यावर बारा आठवडे थांबून स्कॅन केला आणि ज्यांचा स्कॅन साफ नव्हता किंवा शंकास्पद होता त्यांनाच शस्त्रक्रिया सांगितली. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात ५४. जगण्याच्या प्रमाणात दुसरा गट मागं पडला नाही. वाट पाहणं हा उपचाराचा भाग असू शकतो, हे तिथं आकड्यांनी दिसलं. घरच्यांना मात्र ती वाट बिनकामाची वाटते आणि बिनकामाचं बसणं आपल्याला जमत नाही.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून एकच विचारलं. "साहेब, थांबतो मी. पन काय झालं त थांबायचं नाही, ते सांगा."

लेकानं एवढे दिवस जे काही वाचलं होतं त्यात हा प्रश्न त्याला सुचला नव्हता. डॉक्टर सांगत गेले: तोंडातून रक्त, नवी गाठ किंवा होती ती वाढणं, पाणीही गिळता न येणं, श्वास लागणं, वजन पुन्हा झपाट्यानं उतरणं. लेकीनं लिहून घेतलं. घरी तो कागद देवळीत लागला.

तरी लेक रोज सकाळी विचारायचाच, "गिळायले कसं हाय? मान दाखवा." चौथ्या दिवशी म्हातारा कातावला. "मी मानूस हाय का गाठ?" मग ठरलं, बाजाराच्या दिवशी सकाळी एकदा विचारायचं, मान पाहायची, वजन करायचं. बाकी सहा दिवस कागदावरचं काही झालं तरच बोलायचं. त्यावर बापानं स्वतःची अट टाकली: त्याच सकाळी लेकानं आपलं तोंड उघडून आरशात पाहायचं आणि खिशातली पन्नी मायजवळ ठेवायची. पहिल्या आठवड्यात ठेवली. दुसऱ्या आठवड्यात ठेवली नाही. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ठेवली.

सप्टेंबरात मिरचीवर बोकड्या दिसला. पानं आकसलेली. लेक घाबरून दुकानात गेला आणि महागडं औषध घेऊन आला. दोन ओळी उपटूनच टाकू म्हणत होता. म्हातारा बऱ्याच दिवसांनी बांध ओलांडून आत शिरला, खाली बसला, पान उलटं करून पाहिलं.

"वर वळलं हाय का खाली?"

"वर."

"मंग फुलकिडे असन. खाली वळलं असतं त कोळी म्हनलं असतं. का रोगच हाय, ते आज नाही समजत. फवार, पन एवढं नको. आन् जुन्या पानाकडं पाहू नको, ते काही सुधरत नाही. नवी फूट पाय. सरळ आली त ठीक. नाही आली त उपटू, तवा रडत नाही बसायचं. आज उपटून कोनाले दाखवतो?"

लेक हातात डबा घेऊन तसाच उभा राहिला. मग दोघं अंधार पडेपर्यंत फक्त मिरचीबद्दल बोलले.

बारा आठवडे झाले. दुसरा स्कॅन. इंजेक्शननंतर तासभर एकट्यानं बसायचं, बोलायचं नाही, चघळायचं नाही, कारण जबडा-घशाचे स्नायू हलले तरी साखर ओढतात आणि फोटो बिघडतो. आयुष्यात तासभर गप्प न बसलेल्या म्हाताऱ्याला ती शिक्षा सगळ्या शेकांपेक्षा मोठी वाटली. बाहेर आल्यावर त्यानं चहावाल्यापाशी सगळी भरपाई केली.

रिपोर्ट या वेळी बंद पाकिटात त्याच्या हातात आला. त्यानं तो लेकीला वाचायला दिला, मोठ्यानं. जिभेच्या मुळाशी चमक नाही. एक गाठ गेली. दुसरी लहान झालेली, पण अजून किंचित उजळ. डॉक्टरांनी सुई घालून तपासलं. कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत. "पण सुई चुकूही शकते," ते म्हणाले, "म्हणून सुटलात असं मी आज लिहून देत नाही. मान पाहत राहू आणि तीन महिन्यांनी पुन्हा."

लेकाचा चेहरा पडला. त्याला हो किंवा नाही हवं होतं.

"तीन महिने म्हनजे जानेवारी," म्हातारा म्हणाला. "कोनती तारीख?"

डॉक्टरांनी दुसरा आठवडा सांगितला.

"तवा नाही जमत साहेब. तोडनी राहीन, सातऱ्यावर देठं खुडाले बाया लावल्या राहीन. आठ दिवस पुढं करा."

डॉक्टरांनी कागद पाहिला, आठ दिवसांनी बिघडत नाही म्हणाले. लेकानं तारीख टाकायला मोबाइल काढला.

"त्यात नको," बाप म्हणाला. "कागदावर लिहा आन् मले द्या."