जुडीचा भाव

कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला दोनच गोष्टी येतात : हिशेब करणे आणि तो न जुळल्यास पुन्हा करणे. बँकेत तो संध्याकाळपर्यंत जुळतो. परसातल्या वाफ्यात काही जुळत नाही.

वाफा तो केवढा, चार फूट बाय तीन फूट! अलिबागची रेताड जमीन. पाणी ओतावे तर कर्जबुडव्यासारखी क्षणात गडप करते. म्हणून शेणखत आणले. मेथी रात्रभर भिजवून पेरली, शेजारी लाल माठ. मग रोज पाणी, तण काढणे, रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचणे. महिन्याभराने हाती आल्या मेथीच्या तीन जुड्या! माझ्या तासांचा पगार धरला तर एकेक जुडी चांदीच्या भावाची. बाजारात ती 10 रुपयांना मिळाली, तरी आपण म्हणतो, "मावशी, दोन घेतो, 15 ला द्या."

हे नीतीला धरून आहे का?

चिपळूणजवळ छावणी केलेल्या सैन्याला शिवाजी महाराजांनी 1670 च्या दशकात पत्र लिहून बजावले होते, की कुणब्यांकडून दाणे, गवत, भाजीपाला लुबाडू नका. नाहीतर त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ओहोटीला चालत जाऊन कुलाबा किल्ला बघतो, आणि परतताना पाच रुपयांसाठी भाजीवालीशी लढाई मांडतो.

"अहो, आपण लुबाडतो थोडेच? सौदा करतो. तिला नाही म्हणता येतं की!"

कबूल. सकाळी येते. संध्याकाळी? मुदत ठेव थांबेल तितकी वाढते; जुडी थांबेल तितकी मान टाकते. दिवस कलला की आपण थांबू शकतो, तिची भाजी थांबू शकत नाही. ते पाच रुपये आपल्याला हुशारीची कमाई वाटतात. खरे तर ते उन्हाने मिळवून दिलेले असतात.

तेव्हा माझे मत असे : घासाघीस करायचीच तर सकाळी करावी. तेव्हा वेळ दोघांच्याही हातात असतो. संध्याकाळी मागेल ते द्यावे आणि पिशवी पुढे करावी.

हा सिद्धांत मी सौ.ला ऐकवला. ती म्हणाली, "पटलं बाई! मग उद्यापासून भाजीला सकाळी सहालाच जात जा."