मूषकाचा नमस्कार

परळच्या एका जुन्या चाळीत एक मुलगी राहायची. श्रावण लागला तसं तिने ठरवलं, यंदा घरच्या गणपतीपुढचा उंदीर आपण करायचा. चालणारा, आणि बाप्पासमोर मान लववणारा.

पुठ्ठ्याचं अंग झालं, त्यावर करडी लोकर चिकटली. पोटात आर्डुइनोचा निळा बोर्ड, म्हणजे प्रोग्राम चालवणारा छोटा संगणक, बसला. इटलीतल्या इव्हरेआ गावी २००५ मध्ये विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून निघालेला हा बोर्ड आता मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत सहज मिळतो. चार छोट्या सर्वो मोटरी आल्या. पुढच्या पायांना एक, मागच्या पायांना एक, मानेला एक, शेपटीला एक.

बोर्ड अशा मोटरीला दर २० मिलिसेकंदांनी विजेचा एक ठोका पाठवतो. ठोका एक मिलिसेकंदाचा असला तर मोटरीची पांढरी दांडी एका बाजूला वळते, दोनचा असला तर दुसऱ्या बाजूला, दीडचा असला तर मधोमध थांबते. मुलीने हे नीट समजून घेतलं आणि प्रोग्राम लिहिला.

एकेक मोटर लावून पाहिली, छान चालली. चारही जोडल्या आणि उंदीर थरथरू लागला. मान अर्धी खाली गेली, बोर्डावरचा दिवा लुकलुकला, सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मुलीने प्रोग्राम खोडला, परत लिहिला. उंदीर थरथरतच राहिला.

आजोबा खाटेवरून बघत होते. ते कापडगिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते. ते काम परत मिळालंच नाही. पुढे बरीच वर्षं ते लालबागच्या गणपती मंडळांना चलतचित्रांच्या मोटरी बसवून देत. प्रोग्राम मात्र त्यांना वाचता येत नव्हता.

"एकेकटी चालते ना गं प्रत्येक?" त्यांनी विचारलं.

"हो, आजोबा."

"मग तुझं लिहिलेलं बरोबर आहे. यांना खायला कोण घालतं?"

"लॅपटॉप. या वायरीतून."

"चौघींना? एकट्या त्या वायरीतून?"

मुलगी थांबली. साध्या यूएसबीतून ५०० मिलिअँपिअर मिळायचे, आणि चार मोटरी एकदम जोर लावताना त्याहून कितीतरी जास्त मागायच्या. व्होल्टेज पडायचं आणि बोर्ड बिचारा रीसेट व्हायचा.

तिने चार पेन्सिल सेलांचा डबा आणला, मोटरींच्या लाल आणि काळ्या वायरी त्याला जोडल्या. आता बोर्ड रीसेट होईना, पण मोटरी भलतीकडेच वळू लागल्या. शेवटी उंदीर पिशवीत घालून ती लॅमिंग्टन रोडला गेली. काउंटरवरच्या काकांनी वायरी बघितल्या.

"सेलची काळी वायर बोर्डाच्या ग्राउंडला कुठे जोडलीस? दोघांचं शून्य एक नसेल, तर ठोका केवढा आला हे मोटरीला कशावरून कळणार?"

वीतभर वायर त्यांनीच सोलून दिली. पैसे घेतले नाहीत.

चतुर्थीच्या सकाळी उंदीर चार पावलं चालला आणि बाप्पासमोर मान लववून उभा राहिला. चाळीतली पोरं दारात दाटली.

काम अडलं की आपण आधी हुकूम तपासतो, मग राबणाऱ्याला नावं ठेवतो. त्याच्या पोटात काही आहे का, हे पाहायचं सुचत नाही. आणि पोटाची सोय झाली तरी सांगणारा आणि राबणारा कुठेतरी जोडलेले नसतील, तर सांगितलेलं पोचत नाही. आजोबांना यातलं पहिलं प्रोग्राम न वाचताच दिसलं, कारण परळ-लालबागच्या गिरणगावाने ते भोगलं होतं.

पोरं "परत, परत" म्हणून ओरडत होती. दहा-बारा नमस्कार झाल्यावर आजोबा वाकले आणि त्यांनी मानेच्या मोटरीला बोट लावलं.

"तापलीय," ते म्हणाले.

मुलीने लॅपटॉप उघडला आणि प्रोग्राममध्ये आणखी एक ओळ घातली: दर नमस्कारानंतर एक मिनिट विश्रांती.