आधी नोंद, मग नाव

नागपूरचा उन्हाळा तापला की धरमपेठेतल्या घराघरांत कूलर सुरू होतात, आणि टेबलावरचे कागद उडायला लागतात. आमच्याकडे त्या कागदांवर एक काळा दगड ठेवलेला असतो. दिसतो मुठीएवढाच, पण उचलला की मनगट खाली जातं. रामटेकच्या बाजूच्या कुठल्याशा मँगनीज खाणीतून तो आला. नेमका कुठून, हे सांगणारं माणूस आता घरात नाही.

नागपूरकराला मँगनीज नवं नाही. मनसर, कांद्री, बेलडोंगरी ही नावं कानांवरून गेलेली असतात. अमरावती रस्त्यावरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिली. तो पैसा मँगनीजच्या खाणींतला होता. तरीही असा दगड हातात देऊन ‘यातलं खनिज कोणतं?’ असं कुणी विचारलं, तर बहुतेक जण गप्प बसतील. मँगनीजची ऑक्साइडं बहुतेक काळीच. नुसत्या डोळ्यांना तिथून पुढे वाट नाही.

जाणकार मग घाई करत नाहीत. दगड बोटावर घासून बघतात. बोट काजळलं, तर पायरोलुसाइट असण्याचा संभव. फरशीच्या खडबडीत, पॉलिश नसलेल्या पाठीवर रेघ ओढतात. काळ्या दगडाची रेघ काळीच उमटते असं नाही. हौसमनाइटची तपकिरी येते. शेवटी चुंबक जवळ नेतात. बाहेरून सगळे सारखे. घासल्यावर प्रत्येकाचं वेगळं.

असेच एक जाणकार, लुईस फर्मर, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पट्ट्यातल्या खाणी त्यांनी पायाखाली घातल्या. 1909 साली भारतातल्या मँगनीजवरचा त्यांचा हजारावर पानांचा ग्रंथ निघाला. वाटेत काही दगड त्यांना कुठल्याच माहीत असलेल्या खनिजात बसेनात. अशा दगडांना त्यांनी नवी नावं दिली.

त्यातल्या तीन नावांचं पुढे काय झालं, ते बघण्यासारखं आहे. झाबुआकडच्या काजलीडोंगरीच्या खनिजाला त्यांनी 1906 मध्ये हॉलंडाइट म्हटलं. ते नाव आजही जगभर चालतं. छिंदवाड्याकडच्या सीतापारचं सीतापाराइट हे आधीच ठाऊक असलेलं बिक्सबाइट निघालं. आणि आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीचा तो दुर्मीळ दगड? काशाची झाक असलेला, तपकिरी रेघेचा, चुंबकाकडे जोरात ओढला जाणारा. अर्नेस्ट व्रेडेनबर्ग या सहकाऱ्याच्या नावावरून 1908 मध्ये त्याला व्रेडेनबर्गाइट हे नाव मिळालं.

पुढे अभ्यासकांनी त्याचा तुकडा घासून आरशासारखा गुळगुळीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तो एक नव्हताच. जेकब्साइट आणि हौसमनाइट या दोन खनिजांचे बारीक पापुद्रे एकमेकांत शिरलेले होते. तापलेला असताना एकजीव असलेला पदार्थ जमिनीखाली सावकाश निवत गेला आणि निवतानाच आतल्या आत दोन झाला. चुंबकाला ओढला जायचा तो त्यातला जेकब्साइट. हौसमनाइट नुसता सोबत जायचा.

आज व्रेडेनबर्गाइट स्वतंत्र खनिज मानलं जात नाही. म्हणून फर्मर यांचं बघणं वाया गेलं का? काशाची झाक खरीच होती. रेघ तपकिरीच होती. चुंबकाची ओढही होती तशीच आहे. जे हाताने आणि डोळ्यांनी तपासलं, त्यातलं काही खोडावं लागलं नाही. बदललं ते एवढंच, की हे सगळं एकाचं नसून दोघांचं आहे. आणि तेच डोळे, तीच मेहनत असूनही तीन नावांचं नशीब तीन तऱ्हांचं निघालं. नाव हा निकाल असतो, आणि निकाल फिरू शकतो. नोंद ही साक्ष असते. ती खरी असेल तर फिरत नाही.

आपलं मात्र उलटं चालतं. आपण माणसांना नाव आधी देऊन टाकतो. तापट, कंजूष, सरळ, आतल्या गाठीचा. एकदा नाव दिलं की पुन्हा रेघ ओढून बघायची गरज वाटत नाही. माणूस कधी तापला होता, कधी निवला, निवताना आत काय वेगळं झालं, हे बघायचं राहूनच जातं.

आज कुणाबद्दल मत बनवायची वेळ आली, तर आधी जे दिसलं ते नीट लिहून ठेवावं. नाव शेवटी लिहावं, आणि त्याच्याआधी ‘बहुधा’ हा शब्द घालावा.